एकाच वायरीतून नेट आणि वीज : कोकणातल्या घरात पीओई इंजेक्टर कसा बसवावा

कोकणातलं जुनं घर लांबत जातं. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, न्हाणी, गोठा आणि त्याच्याही मागे आगर. फायबरची वायर ओटीवर येते, राउटरही तिथेच बसतो, आणि चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडेपर्यंत वायफायचा जीव जातो. गणपतीत चाकरमानी आले की मागच्या पडवीत बसलेला प्रत्येक जण फोन घेऊन ओटीवर येतो. घराला जोडून पाहुण्यांच्या खोल्या काढल्या असतील तर ही तक्रार बारा महिने.

मागे एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेलं नेट तिथे वायफाय करून देणारी डबी, लावला की प्रश्न सुटतो, पण त्याला वीज कुठून द्यायची? पडवीच्या टोकाला किंवा आगराच्या बेड्यावर, म्हणजे फाटकावर, प्लगचा पॉइंट नसतो. गुहागरजवळ माझी आत्या राहते, तिच्याकडे हे काम निघालं तेव्हा तिने विचारलं, "वायरमनला सांगून मागे एक पॉइंट काढून घेऊ का रे?" मी नको म्हटलं. उघड्यावर, पावसाच्या माऱ्यात, २३० व्होल्टचा बोर्ड नुसत्या एका डबीसाठी वाढवू नये. तो ओला झाला तर माणसाच्या जिवावर बेततं.

यावरचा उपाय म्हणजे पीओई, अर्थात इथरनेट केबलमधूनच वीज. इंजेक्टर ही साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी डबी असते. ती राउटरजवळ घरात बसते, २३० व्होल्ट तिच्यापाशीच थांबतात, आणि बाहेर जाणाऱ्या केबलमध्ये डेटाबरोबर साधारण ४८ व्होल्टची डीसी वीज जाते. डबी जोडायला पाच मिनिटं लागतात. खरी मेहनत योग्य डबी निवडण्यात, केबल ओढण्यात आणि जोड कोरडा ठेवण्यात आहे, म्हणून पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

खरेदीआधी लेबल वाचा

तुमच्या ॲक्सेस पॉइंटच्या किंवा कॅमेऱ्याच्या पाठीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर ८०२.३ एएफ, ८०२.३ एटी किंवा ८०२.३ बीटी यांपैकी काही छापलंय का ते बघा. हे प्रमाणित प्रकार. एएफ २००३ सालचा आहे. तो इंजेक्टरपाशी १५.४ वॉट देतो आणि पलीकडच्या टोकाला १२.९५ वॉट हमखास पोचतील असं धरतो. मधला फरक वायर गरम करण्यात जातो. २००९ चा एटी ३० वॉट देतो, पलीकडे २५.५ मिळतात. २०१८ चा बीटी त्याच्याही पुढचा, घरात त्याची गरज क्वचितच पडते. साध्या कॅमेऱ्याला एएफ पुरतो. नव्या वायफाय ६ च्या ॲक्सेस पॉइंटना पुष्कळदा एटी लागतो. एटीचा इंजेक्टर एएफच्या उपकरणाला बिनधोक चालतो, म्हणून शंका असेल तर एटीच घ्या.

ही प्रमाणित मंडळी ओळख पटल्याशिवाय वीज सोडत नाहीत. इंजेक्टर आधी जेमतेम काही व्होल्ट पाठवतो आणि पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का ते चाचपतो. तो सापडला तरच पुरा दाब देतो. त्यामुळे चुकून त्या केबलला लॅपटॉप लावला तरी तो जळत नाही. याच कारणाने मोकळ्या केबलवर मल्टिमीटर धरला तर ४८ व्होल्ट दिसत नाहीत. नवशिक्याला वाटतं डबी मेलेली आहे, आणि तो ती परत करायला बाजारात जातो. तशी ती मेलेली नसते.

दुसरा प्रकार म्हणजे पॅसिव्ह. लेबलवर '२४ व्होल्ट पॅसिव्ह' असं काहीतरी असतं. गावागावांत छपरावर लावलेल्या वायरलेस रेडिओंबरोबर अशा डब्या बऱ्याच आल्या. ही डबी कुणाची ओळख विचारत नाही, प्लग लावल्या क्षणापासून पिनांवर वीज असतेच. २४ च्या उपकरणाला ४८ व्होल्टची पॅसिव्ह डबी लावली तर ते जळणार. दिसायला सगळ्या डब्या सारख्या काळ्या, आणि घरातल्या खणात अशा दोन-चार पडलेल्या असतात. म्हणून आज हे वाचून दुसरं काही केलं नाहीत तरी प्रत्येक डबीवर मार्करने तिचे व्होल्ट आणि ती कशाची आहे ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

उपकरणावर यातलं काहीच नसेल, नुसतं १२ व्होल्टचं गोल भोक असेल, तर पलीकडच्या टोकाला पीओई स्प्लिटर लागतो. तो ४८ व्होल्टचे १२ करून देतो आणि डेटा वेगळा काढतो. जुना राउटर मागच्या पडवीत कामाला लावायचा असेल तर ही सोय उत्तम आहे.

एक-दोन उपकरणांना इंजेक्टर ठीक. चार कॅमेरे आणि दोन ॲक्सेस पॉइंट असतील तर पीओई स्विच घ्या, मात्र त्याची एकूण वॉटची मर्यादा बघून. आठ पोर्ट आहेत म्हणजे आठही पोर्टांवर पुरी ताकद मिळेल असं नसतं.

डबी घेताना वेगही विचारा. स्वस्तातले काही इंजेक्टर १०० एमबीपीएसवरच अडतात. घरात २०० चं फायबर आहे आणि मागे कधीच ९५ च्या वर जात नाही, याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. 'गिगाबिट' लिहिलेला घ्या.

केबल : इथे पैसे वाचवू नका

आत्याच्या बेड्याकडे बघणारा पहिला कॅमेरा मीच लावला होता. इंजेक्टर नव्हता. बाजारात जोडीने मिळणाऱ्या त्या दोन छोट्या वायरी लावल्या होत्या, ज्यांतून १२ व्होल्टचा साधा अ‍ॅडॉप्टर केबलमध्ये घुसवता येतो. केबल ६५ मीटर. दिवसभर चित्र झकास. दिवेलागण झाली की कॅमेरा बंद पडायचा, चालू व्हायचा, पुन्हा बंद. रात्रभर तेच. मी कॅमेरा बदलला, अ‍ॅडॉप्टर बदलला. शेवटी दिवसा कॅमेऱ्यापाशी मल्टिमीटर लावला तर १२ चे ९ सुद्धा येत नव्हते. अंधार पडला की कॅमेऱ्याचे अदृश्य उजेडाचे दिवे लागतात, त्याची भूक जवळजवळ दुप्पट होते, आणि तेवढी वीज त्या केबलमधून येऊच शकत नव्हती.

मग केबलचा एक तुकडा कापून एका तारेवर ब्लेड आडवं धरून खरवडलं. वरचा तांबूस रंग दोन ओरखड्यांत गेला आणि आत पांढरी चकाकी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानात याला सीसीए म्हणतात, आणि विचारलं नाही तर 'कॉपरच आहे' म्हणून देतात. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. दोनदा वाकवली की मोडते. खाऱ्या वाऱ्यात तिची टोकं भुसभुशीत होतात. खरेदी करताना दुकानातच एक तार खरवडून बघा, कुणी नाही म्हणणार नाही. म्हटलंच तर दुसरं दुकान बघा.

४८ व्होल्ट कशासाठी, हेही यातच कळतं. चांगल्या तांब्याच्या कॅट ५ई (नेहमीच्या इथरनेट केबलचा एक प्रकार) केबलचे ७० मीटर घ्या. वीज न्यायला दोन जोड्या वापरल्या तर जाण्यायेण्याचा मिळून रोध साडेसहा ओहमच्या आसपास. १२ वॉटचा ॲक्सेस पॉइंट ४८ व्होल्टवर पाव अँपिअर ओढतो, वायरीत दीड-पावणेदोन व्होल्ट खर्ची पडतात, कळतही नाही. २४ व्होल्टवर चारेक व्होल्ट जातात. १२ व्होल्टवर तर १२ वॉट तेवढ्या लांब पोचतच नाहीत. दाब जास्त तेवढा प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी तेवढी वायरीतली गळती कमी.

लांबीची मर्यादा १०० मीटर, त्यात दोन्ही टोकांच्या छोट्या केबलही धरायच्या. आगर त्याहून लांब असेल तर मध्ये पीओई एक्स्टेंडर लागतो. मोजताना टेप घेऊन धावू नका. जिथून केबल जाणार त्याच वळणांनी सुतळी नेऊन ती मोजा, आणि वर तीन-चार मीटर धरा.

बाहेरच्या भागासाठी काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची, आउटडोअर लिहिलेली केबल हवी. निळी किंवा करडी घरातली केबल एप्रिल-मेच्या उन्हात तडकते आणि जूनमध्ये त्या तडीतून पाणी आत शिरतं. आत शिरलेलं पाणी केबलच्या पोटातून उताराने थेट उपकरणात उतरतं.

मार्ग

वळचणीखालून, वाशांच्या कडेने नेता येईल तितकी न्या. तिथे ऊन नाही, पाऊस नाही. माळ्यावरून नेत असाल तर उंदरांचा विचार करून पीव्हीसी पाइपात घाला. विजेच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका, वीतभर तरी अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

आगरातून नेताना माडाला किंवा पोफळीला बांधायचा मोह होतो. झाड डोलतं, झावळ्या पडतात, माणूस पाडप करायला चढतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. झाडांना बांधलेलं काय शिल्लक राहणार? गडग्याच्या कडेने पाण्याचा काळा पाइप पुरून त्यातून केबल न्या. पाइपाची दोन्ही तोंडं खाली वळवा आणि कापडाची बोळी कोंबून बंद करा, नाहीतर मुंगळे वस्तीला येतात.

भिंतीला भोक पाडताना ड्रिल आतून बाहेर, किंचित खाली उतरतं धरा. पाणी बाहेरच राहतं.

टोकं बसवणं

रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच ठेवा. कनेक्टरची खिटी खाली आणि पिना वर धरून डावीकडून : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ लागतो तेवढाच, जेमतेम सेंटीमीटरभर सोडवा. वायरी सरळ करून एका रेषेत कापा, आत सरकवा आणि कनेक्टरच्या पुढच्या टोकाला आठही टोकं तांबड्या ठिपक्यांसारखी दिसतात का ते उजेडात बघा. बाहेरचं काळं आवरण कनेक्टरच्या आत गेलेलं हवं, म्हणजे पक्कड दाबल्यावर ताण आवरणावर येतो, वायरींवर नाही. पहिली दोन टोकं फुकट जातील, म्हणून कनेक्टर जास्तीचे आणा.

मग केबल टेस्टर लावा. एक ते आठ दिवे क्रमाने लागले पाहिजेत. टेस्टर लावताना इंजेक्टर जोडलेला नको. पॅसिव्ह डबी असेल तर टेस्टरच जळेल.

जोडणी : आधी टेबलावर

शिडीवर चढण्याआधी सगळं ओटीवर मांडून चालवून बघा. इंजेक्टरला दोन भोकं असतात. एकावर लॅन किंवा डेटा इन, दुसऱ्यावर पीओई किंवा आउट. राउटरकडून येणारी छोटी केबल लॅनमध्ये, उपकरणाकडे जाणारी पीओईमध्ये. इंजेक्टर चालत नाही म्हणून मला आलेल्या फोनपैकी बहुतेकांत या दोन केबल उलट्या लागलेल्या होत्या. दोन्ही केबल लागल्यावरच प्लग भिंतीत घाला.

उपकरणाचा दिवा लागायला एखादं मिनिट जातं. तो लागला की ॲक्सेस पॉइंटची मांडणी इथेच करून घ्या. नाव आणि पासवर्ड राउटरचाच ठेवला तर फोन आपोआप जवळचा पकडतो. राउटरला राउटर जोडत असाल तर दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. कॅमेऱ्याचा कारखान्याचा पासवर्ड बदलल्याशिवाय तो वर चढवू नका. मग टेबलावरची छोटी केबल काढून ओढलेली लांब केबल लावा आणि पुन्हा तपासा. हे सगळं जमलं की मगच शिडी.

पाणी आणि खारा वारा

पितळेच्या भांड्यात दही ठेवलं की ते कळकतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. कनेक्टरच्या पिनांचं तेच होतं, फक्त इथे वीज असल्यामुळे फार लवकर. एकदा पावसाळ्यानंतर बंद पडलेल्या ॲक्सेस पॉइंटचं टोक मी ओढून काढलं. आठ पिनांपैकी सहा जरा मळलेल्या. चौथी आणि पाचवी मात्र हिरव्या भुकटीने भरलेल्या, नखाने खरवडल्यावर खाली धातूच उरला नव्हता. त्या इंजेक्टरची वीज ४-५ वर धन आणि ७-८ वर ऋण होती. ओल आली की धन बाजूची पीन झिजते. डेटाच्या पिना शाबूत होत्या, पण वीज पोचत नव्हती.

म्हणून जोड बाहेर उघडा ठेवायचाच नाही. उपकरणाचं झाकण असेल तर केबल आत जाते तिथली रबरी बुची नीट घट्ट करा. कॅमेऱ्याची शेपटी असते, तिच्यासाठी आयपी ६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा आत न घेणारी, प्लास्टिक पेटी घ्या, केबलची भोकं खालच्या बाजूला ठेवा. पिनांवर सिलिकॉनचं ग्रीस पातळ लावा. उघडाच जोड झाकावा लागला तर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत जा. कौलं जशी पागोळीकडून आढ्याकडे लावत जातात, तशी वरची वळी खालच्या वळीवर चढली पाहिजे. आणि केबल पेटीत शिरण्याआधी तिला वीतभर खाली झोळ द्या. पाणी केबलवरून येतं, झोळाच्या तळाशी पागोळीसारखं ठिबकतं आणि आत जात नाही. एवढासा झोळ नसल्यामुळे मी तीन ॲक्सेस पॉइंट मेलेले पाहिलेत.

विजांचे दिवस

जुलैतल्या संततधारेपेक्षा मेमधला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस या कामाला जास्त घातक, कारण कडकडाट तेव्हाच असतो. लांब केबल उघड्यावर असली की जवळपास पडलेल्या विजेचा धक्का तिच्यात उतरतो आणि केबलवरून थेट राउटरपर्यंत येतो. नुसता प्लग काढून भागत नाही. प्लग आणि मागे जाणारी केबल, दोन्ही काढा.

बाहेरच्या केबलसाठी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे असा धक्का जमिनीत उतरवणारी डबी, मिळतो, तो पीओईला चालणारा आहे असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. तो घरात शिरण्याच्या जागी बसवा आणि त्याची हिरवी वायर आखूड ठेवून अर्थिंगला जोडा. अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टर शोभेचा. कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी होते की असलेलं अर्थिंगही नीट काम करत नाही, खड्ड्यात मधूनमधून पाणी ओता. आणि मूळ घर व पाहुण्यांच्या खोल्या या दोन वेगळ्या इमारती असतील तर मधलं अंतर फायबरने जोडणं सर्वांत चांगलं. फायबरमधून धक्का जात नाही. वीजही जात नाही, म्हणून पीओई स्विच त्या दुसऱ्या इमारतीत ठेवावा लागेल.

इन्व्हर्टर

पावसाळ्यात लाइट जाणारच. पीओईचा इथे मोठा फायदा आहे, कारण सगळ्या उपकरणांची वीज एकाच जागेवरून निघते. फायबरची डबी, राउटर आणि इंजेक्टर हे तिघे इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या एका बोर्डवर लावा. तिघांचे मिळून तीस-चाळीस वॉट, बॅटरी धड असेल तर रात्र निघते. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस ४८ व्होल्टच्या इंजेक्टरला चालत नाही. तसा हवा असेल तर पीओईचं भोक असलेला घ्या.

आगोटीआधी

मेच्या अखेरीस तासभर काढा. पेटी उघडून पिना बघा, हिरवटपणा दिसला तर टोक कापून नवं बसवा. त्यासाठी केबलचा हातभर वेढा पेटीजवळ आधीच राखून ठेवलेला बरा. झोळ सरळ झालाय का, पालीने पेटीत अंडी घातलीत का, पाइपातली बोळी जागेवर आहेत का ते बघा. ग्रीस पुन्हा लावा. केबल काढण्याआधी दर वेळी इंजेक्टरचा प्लग काढायचा. चालू विजेवर टोक ओढलं की पिनेवर बारीक ठिणगी पडते, वरचा मुलामा जळतो, आणि पुढच्या पावसात कळकायला सुरुवात तिथूनच होते.